दोर आणि दांडा

फोरमनने हुकाच्या तोंडातलं ग्रीस खिळ्याच्या टोकाने उकरून काढलं, बोटावर घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. काळं, घट्ट, वाळलेल्या डांबरासारखं. ते त्याने फडक्याला पुसलं नाही. बाटलीच्या झाकणात घातलं आणि ते झाकण फळीच्या कोपऱ्यात, कोणाचा धक्का लागणार नाही असं ठेवलं.

“त्याचं काय लोणचं घालणार आहात?” पंखाच्या सांगाड्यापलीकडून वहिनींनी विचारलं.

“पुरावा आहे हा.”

“कशाचा?”

“हुक अडकल्याचा. आणखी कशाचा?”

वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी दाताने दोरा तोडला, सुईत नवा ओवला आणि चष्मा नाकावर चढवून पुन्हा कापडाकडे वळल्या. फोरमनला या गप्प बसण्याची सवय होती. थोरल्या भावाची बायको. त्यांच्याशी वाद घालायची त्याची प्राज्ञा नव्हती, आणि त्या वाद घालायला येतही नसत. त्या नुसत्या गप्प बसत आणि मग याच्याच डोक्यात वाद चालू होई.

शेड मैदानाच्या टोकाला होती. पूर्वी तिथे गवत कापायचा ट्रॅक्टर उभा असे. आता मधोमध एका ग्लायडरचं धड लाकडी घोड्यांवर चढवून ठेवलं होतं आणि दोन्ही बाजूंना भिंतीशी त्याचे उघडे पंख, नुसत्या फासळ्या दिसणारे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लाकडाचा सांगाडा, वर कापड. यात दोन माणसं शेजारी शेजारी बसत, डावीकडे शिकाऊ, उजवीकडे शिकवणारा, आणि डोक्यावर छप्पर म्हणून काही नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोर गुंडाळणारं यंत्र असे. ते दोर खेचू लागलं की हे धूड पतंगासारखं वर चढे. पुरेशी उंची आली की शिकाऊने समोरची मूठ ओढायची, नाकाखालचा हुक उघडायचा, दोर खाली पडायचा, आणि मग पुढचं सगळं वाऱ्याच्या आणि आपल्या हातात.

लष्कराच्या शाळेत अशी बरीच ग्लायडरं होती. त्यांतलं हे एक, आणि यानेच फोरमनच्या भावाचा जीव घेतला होता. दादा त्या शाळेत शिक्षक होता.

त्याला चाळीसेक वर्षं झाली. अपघातानंतर ग्लायडर डागडुजी करून एका तंत्रशाळेला देऊन टाकलं होतं, एवढं एकच फोरमनला माहीत होतं. बाकीची माणसं निवृत्त झाल्यावर नातवंडं सांभाळतात. हा बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला आणि गोदामं हिंडत सुटला. तंत्रशाळा कधीच बंद पडली होती. तिचं सामान एकाने घेतलं, त्याच्याकडून दुसऱ्याने, आणि शेवटी एका गोदामात, बाकांच्या ढिगाखाली, हे सापडलं. खात्री करायला त्याने काचेच्या तुकड्याने रंग खरवडला. आधी राखाडी लागला, त्याखाली पिवळा, पिवळ्याखाली चंदेरी, आणि चंदेरीवर अर्धवट उडालेला क्रमांक. क्रमांक जुळला तरी याचं समाधान होईना. त्याने उजव्या पंखाचं कापड सोललं. आतल्या मुख्य तुळईला जोड दिलेला होता, जुना, नीट बसवलेला, पण जोडच. उजवा पंख आधी जमिनीला लागला होता हे त्याला ठाऊक होतं. त्या जोडावर हात ठेवून फोरमन गोदामाच्या धुळीत बसकण मारून रडला, आणि गोदामवाल्याने बिचाऱ्याने पाणी आणून दिलं.

वहिनींना त्याने ही बातमी भीत भीत सांगितली. त्यांनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “त्याचं कापड कोण शिवणार?”

त्यांचा शिवणक्लास होता. अर्ध्या गावाला त्यांनी काजं करायला शिकवली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या डबा घेऊन शेडवर यायला लागल्या.

शेड उड्डाण क्लबची. क्लबची सेक्रेटरी दातांची डॉक्टर होती, चटपटीत बाई. जागा दिली ती दोन अटींवर. एक, हे पुन्हा उडालं पाहिजे, शोभेची वस्तू मला नको. दोन, शेजारी त्याच्या इतिहासाचा फलक लागला पाहिजे. लष्करी चौकशीच्या निकालात अपघाताबद्दल एवढंच होतं : कारण निश्चित करता आले नाही. फोरमनला ते वाक्य बघवत नसे. त्याला तिथे हवं होतं : हुक अडकल्यामुळे. शिक्षकाचा दोष नाही.

“काका, तुम्ही पुरावा द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “सोनेरी अक्षरांत लिहिते.”

त्या दिवसापासून फोरमनला हुकाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. शेपटाचं सुकाणू, चाक, बसायच्या जागा, सगळं मार्गी लागलं होतं. हुक मात्र त्याने जसा सापडला तसाच ठेवला होता. आतलं ग्रीससुद्धा आजवर काढलं नव्हतं, आज काढलं ते नमुन्यापुरतं. साफ करायच्या आधी त्याला तो अडकताना बघायचा होता.

हुक अडकला नसेल तर मग एकच गोष्ट उरत होती, आणि तिचं नाव घरात कोणी घेत नसे. नाव घेत नसत म्हणजे खरंच घेत नसत. त्या माणसाला या घरात नुसतं ‘तो’ म्हणायचे. तो, म्हणजे त्या दिवशी डावीकडे बसलेला शिकाऊ. मिसरूड फुटलेलं पोरगं. ग्लायडर चढता चढता मध्येच डगमगलं, उजव्या अंगावर कोसळलं, दादा जागच्या जागी गेला आणि तो आपल्या पायांनी चालत बाहेर आला. चौकशीत त्याने एकच वाक्य सांगितलं. उलटसुलट विचारून बघितलं, दमात घेऊन बघितलं, पण त्याने त्यात काना-मात्रेचा फरक केला नाही : ‘सर सोड म्हणाले, म्हणून मी सोडलं.’

काय सोडलं? तर दांडा. ज्याने ग्लायडरचं नाक वरखाली होतं, पंख कलतात, तो दांडा. चढत्या ग्लायडरचा.

असं कुठला शिक्षक सांगेल? दादाला तर सगळ्या पुस्तकी आज्ञा तोंडपाठ. घरी जेवताना म्हणून दाखवायचा. दोर सोडायचा तर ‘रिलीज’. दांडा शिक्षकाने आपल्या हातात घ्यायचा तर त्याला वेगळा शब्द. ‘सोड’ असा शब्द त्या पुस्तकात नव्हताच. म्हणजे पोरगं घाबरलं, हातपाय गाळून बसलं आणि नंतर मेलेल्या माणसावर ढकलून मोकळं झालं. फोरमनच्या आईने हेच मानलं, फोरमनने हेच मानलं. वहिनींनी काय मानलं ते त्या बोलल्या नाहीत. पण त्या शिकाऊने पुढे बाजारपेठेत चष्म्याचं दुकान टाकलं तेव्हा सगळं गाव त्याच्याकडून चष्मे घेऊ लागलं, आणि वहिनी चष्म्यासाठी बसने परगावी जात राहिल्या.

“झालं तुमचं?” वहिनींनी सुई कापडात टोचून ठेवली. “बसू का मी?”

“बसा.”

परीक्षेची सगळी तयारी फोरमनने आठवडाभर केली होती. शेपूट मागच्या खांबाला जाड दोराने बांधलं होतं. पुढे जमिनीत पक्क्या केलेल्या कडीला साखळीची कप्पी, कप्पीपासून दोर, आणि दोराचं कडं हुकात. कप्पीची साखळी ओढली की दोर ताठ होई आणि ग्लायडरच्या नाकाला खाली-पुढे खेचू लागे, तसाच, जसा तो खऱ्या उड्डाणात खेचतो. वर असताना वारा दांड्याला ढकलत असतो, म्हणून त्याने सुकाणूला सायकलच्या ट्यूबची रबरं बांधली होती. दांडा दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरला नाही तर फटकन पुढे जाई. सगळं त्या दिवशीसारखं हवं, असा त्याचा हेका होता.

हुकाकडे डोळ्यांनी बघायला तो स्वतः नाकाखाली जमिनीवर आडवा होणार होता. म्हणजे आत बसायला माणूस एकच उरलं.

वहिनी स्टुलावर चढल्या, साडी आवरून घेतली आणि डाव्या जागेवर बसल्या. एकदा उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग दांडा धरला.

“घट्ट धरा. पोटाशी. मी रिलीज म्हटलं की डावा हात काढायचा आणि ती मूठ ओढायची. उजव्याने दांडा तसाच.”

“कळलं.”

“काय म्हटलं की?”

“भाऊजी, मी शाळेत नाही आले तुमच्या. कळलं म्हटलं ना.”

फोरमनने साखळी ओढली. दोर ताठ झाला, लाकूड कुरकुरलं. तो बॅटरी घेऊन नाकाखाली सरकला.

“रिलीज!”

टक्क असा आवाज झाला आणि दोराचं कडं जमिनीवर पडलं.

पडल्या पडल्याच त्याने बॅटरीच्या उजेडात हुक न्याहाळला. मग उठला, कडं परत अडकवलं, साखळी आणखी ओढली. पुन्हा टक्क. त्याने दोराची दिशा बदलून बघितली, डावीकडून, उजवीकडून. मगाशी काढून ठेवलेलं ग्रीस परत हुकाच्या तोंडात भरलं आणि वरून धूळ चोळली. हुक उघडतच होता. चाळीस वर्षं पडून राहिलेला, ग्रीस वाळून दगड झालेला हुक, कालच बसवल्यासारखा उघडत होता, आणि दर वेळी फोरमन जास्तच चिडत होता.

“पुरे आता,” वहिनी म्हणाल्या. “हात भरून आले माझे.”

“एकदाच. ताण कमी पडतोय.”

“मोडेल काहीतरी.”

“मोडू दे! मोडला तर मोडू दे, निदान—” त्याने वाक्य तोडलं आणि साखळी ओढायला लागला. एकेक कडी कुरकुर करत पुढे येत होती. दोर इतका ताठ झाला की बोटाने छेडला तर वाजला असता. वर्कशॉपमध्ये एखाद्या पोऱ्याने असा भार दिला असता तर याने त्याला हाकलून दिलं असतं. पण आज फोरमनला कोणी हाकलणारं नव्हतं. तो पाठीवर झोपला आणि नाकाखाली सरकला, आधीपेक्षा आत.

हुक त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता. तो तोंड उघडणार तोच कानाशी काहीतरी खरवडलं. पुढचा घोडा सरकत होता. आधी बोटभर, मग एकदम हातभर. वरचं धूड कललं आणि त्याच्या छातीकडे येऊ लागलं.

“सोड!” तो ओरडला. “सोड, सोड!”

दोर सुटला नाही. उलट वर रबरं सणकन वाजली. त्याने अंग झोकून दिलं आणि बाहेर लोळला. खांद्यावर लाकडाचा तडाखा बसला, आणि नाक जमिनीवर आदळलं. प्लायवुड फुटल्याचा आवाज सगळ्या शेडमध्ये घुमला.

“भाऊजी!”

“जिवंत आहे.” तो भिंतीला टेकून बसला. खांदा ठणकत होता, आणि भीतीचा मग नेहमीप्रमाणे राग झाला. “मूठ का नाही ओढलीत? मारलंच होतं मला! सोड म्हणून ओरडलो ना मी?”

वहिनी कललेल्या बैठकीत पुढे झुकून बसल्या होत्या. दोन्ही हात खांद्यांपाशी वर, बोटं पसरलेली. दांडा रबराच्या ओढीने पार पुढे जाऊन पडला होता.

“सोडलं की,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सोड म्हणालात, म्हणून मी सोडलं.”

खांदा चोळणारा फोरमनचा हात तिथेच थांबला.

वहिनींनाही आपलं वाक्य ऐकू आलं होतं. त्यांनी हात हळूहळू खाली आणले आणि मांडीवर ठेवले, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाहेर मैदानात कोणीतरी कोणाला हाक मारत होतं.

“आधी रिलीज म्हणत होतात,” त्या सावकाश म्हणाल्या.

“अहो, जीव चालला होता माझा! तिथे कुठला आठवतोय रि—”

तो थांबला. ते वाक्य त्याला परत घेता आलं असतं तर त्याने घेतलं असतं.

वहिनी स्टुलाचा आधार न घेता खाली उतरल्या. कपाटातून त्यांनी पट्टीचं कापड काढलं, त्याचा हात गळ्यात अडकवून दिला. गाठ मारताना म्हणाल्या, “लग्न होऊन या घरात आल्यापासून मला अरेतुरे केलं नव्हतंत तुम्ही. आज केलंत.”

“चुकलं.”

“चुकलं म्हणून नाही सांगत.”

फोरमनला काय सांगत होत्या ते कळलं होतं, पण तो हार मानणाऱ्यांतला नव्हता. एका हाताने त्याने साखळी सैल केली, कडं काढलं, आणि हुकापुढे उकिडवा बसून राहिला.

“दादा घाबरणारा नव्हता,” तो म्हणाला.

“झुरळ दिसलं की पलंगावर उभे राहायचे.”

“ते वेगळं.”

“तेव्हा काय म्हणायचे? पुस्तकातलं काही?”

त्याला हसू आलं, आणि हसू आलं याचा राग आला. “हुक त्या दिवशी अडकलाही असेल,” तो हट्टाने म्हणाला. “नंतर डागडुजीत कोणी सुधारला असेल. कोणाला माहीत?”

“असेल. अडकला असेल, नसेल.” वहिनींनी त्याच्यासमोर पिढं ओढलं आणि त्या बसल्या. “पण तो खोटं बोलला नव्हता, भाऊजी. मी आत्ता तिथे बसले होते. मला दोर आठवलासुद्धा नाही. हातात दांडा होता, जीव खाऊन धरलेला. सोड म्हटल्यावर माणूस हातात असेल तेच सोडणार.”

फोरमनला एकदम फार थकवा वाटला. इतकी वर्षं त्याने एका माणसाचा द्वेष केला होता, नेमाने, आणि आता तो ठेवायचा कुठे हे त्याला कळेना.

“दुकान कधी उघडतो तो?” वहिनींनी विचारलं.

“मला काय माहीत?”

“गावात सगळ्यांना माहीत असतं.”

“नऊला,” फोरमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं बाजारपेठेच्या त्या टोकाला गेली, जिकडे ती कधी जात नसत. वहिनी पुढे, फोरमन हात गळ्यात बांधून मागे. त्याने वाटेत दोनदा सांगून बघितलं, आधी फोन करू, आधी कोणाच्या तरी हाती निरोप पाठवू. वहिनी चालत राहिल्या.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या चौकटी, मागे अक्षरांचा तक्ता, आणि काउंटरमागे साठी ओलांडलेला एक टकला माणूस छोट्या दगडी चाकावर भिंगाची कड घासत होता. त्याने मान वर केली. चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितलं. मग उठून उभा राहिला. भिंग हातातच होतं आणि चाक आपलं फिरतच होतं.

“या,” तो म्हणाला. एवढंच.

वहिनी बसल्या नाहीत.

“तुम्ही ओळखता मला.”

“हो.”

“ते सोड म्हणाले ते दोर सोड म्हणून. तुम्ही दांडा सोडलात.”

फोरमनला वाटलं होतं, वहिनी काहीतरी प्रस्तावना करतील, बसतील, पाणी मागतील. त्यांनी असं दारात उभं राहून सगळं मांडून टाकलं.

चष्मेवाल्याने हात लांब करून चाकाचं बटण बंद केलं. चाक थांबेपर्यंत तो त्याच्याकडेच बघत होता.

“हो,” तो म्हणाला. “वर असतानाच कळलं मला ते. दोर मध्येच ढिला पडला, झटका बसला, सर सोड म्हणाले. मी दोन्ही हात वर केले. मग त्यांनी मूठ ओढायला माझ्या अंगावरून हात घातला, तेव्हा कळलं. पण तेवढ्या वेळात दांडा कोणाच्याच हातात नव्हता.”

“मूठ ओढली त्याने?” फोरमनने पुढे होऊन विचारलं. “हुक उघडला?”

“उघडला की. लगेच.”

फोरमनने मान हलवली. आता त्याला त्याचं काही वाटलं नाही. “मग चौकशीत हे का नाही सांगितलंत? सगळं? दोर, दांडा, मूठ?”

“काय सांगायचं? सर शब्द चुकले?” चष्मेवाल्याने भिंग काउंटरवर ठेवलं. “तो रिलीज शब्द त्यांनी आमच्याकडून घोकून घेतला होता. झोपेतून उठवून विचारायचे. आणि तेच विसरले म्हणून सांगू? ते नव्हते तिथे उत्तर द्यायला. मला विचारलं, ते काय म्हणाले. मी ते सांगितलं. काय सोडलंस विचारलं, ते सांगितलं. खोटं काही बोललो नाही. पुढचं त्यांचं त्यांनी लावलं.”

“आम्हाला तरी सांगायचं.”

“आलो होतो. दार उघडलं नाही कोणी.”

फोरमनने रस्त्याकडे बघितलं. दार उघडायचं नाही, हे त्या वेळी घरात सगळ्यांना बजावणारा तोच होता.

“एवढंच म्हणाले?” वहिनींनी विचारलं.

वहिनींचा आवाज मघासारखा सरळ नव्हता. हा प्रश्न त्या इतकी वर्षं कोणाला विचारू शकल्या नव्हत्या. विचारण्यासारखा माणूस एकच होता आणि तो या दुकानात होता.

“मूठ ओढल्यावर,” त्या म्हणाल्या. “खाली येईपर्यंत वेळ होता ना थोडा? काहीच नाही बोलले?”

“बोलले.”

“काय?”

“पाय वर घे म्हणाले.” चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा काढला, हातात धरला. “तिथे पायांपुढे नुसतं प्लाय असतं. नाकावर पडलं की पायच आधी जातात. दांडा तोवर त्यांनी धरला होता, तो खेचत होते आणि माझ्यावर ओरडत होते, पाय वर घे, पाय वर घे. मी पोटाशी घेतले.” त्याने काउंटरची कड धरली. “त्यांना दांडा धरायचा होता. त्यांना घेता आले नाहीत.”

वहिनींनी मागे हात करून स्टूल चाचपलं आणि त्या बसल्या. फोरमन त्यांच्याकडे जाणार होता, पण त्याला स्वतःलाच हलता येईना. ‘तो चालत बाहेर आला, तो चालत बाहेर आला.’ घरात हे वाक्य किती वेळा, कोणकोणत्या आवाजात बोललं गेलं होतं. हुकाचा खटला तो कालच हरला होता. पण कित्येक वर्षांत दादा त्याला इतका जवळ वाटला नव्हता. फलकावरच्या निर्दोष शिक्षकाला तो ओळखत नव्हता. घाबरून चुकीचा शब्द ओरडणारा आणि लगेच दुसऱ्याच्या पायांची काळजी करणारा तो मात्र नक्की दादाच होता.

दारात एक गिऱ्हाईक डोकावलं. चष्मेवाल्याने हातानेच नंतर या म्हणून सांगितलं.

“वहिनी,” फोरमन म्हणाला, “फलकावर आता—”

“ते बघू मग.” वहिनींनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि उभ्या राहिल्या. “आधी पंख. नाकही फोडून ठेवलंय तुम्ही.” मग त्या काउंटरकडे वळल्या. समोरच्या टकल्या, साठीच्या माणसाला त्यांनी नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

“पंखाला कापड चढवायला तीन माणसं लागतात,” त्या म्हणाल्या. “यांचा खांदा धरलाय. तू येशील का?”

फोरमनने तो ‘तू’ ऐकला. दादाच्या शाळेतली पोरं कधी घरी यायची, तेव्हा वहिनी त्यांना असंच विचारत, जेवलास का, बसतोस का.

“कधी?” चष्मेवाल्याने विचारलं.

“आत्ता. दुकान बंद कर आणि चल.”

शेडमध्ये पोचल्यावर चष्मेवाला ग्लायडरजवळ गेला नाही. दारातच, उन्हात उभा राहिला. फुटलेल्या नाकाकडे, दोन रिकाम्या जागांकडे त्याने बघितलं, आणि फोरमनला वाटलं, हा आता परत फिरणार. त्याला थांब म्हणावं असं फोरमनला मनापासून वाटलं, पण शब्द सापडेना. त्याने नुसतं एका हाताने उजव्या पंखाचं टोक उचललं आणि घोड्यावर सरळ केलं. दुसरं टोक जड होतं, एका हाताने उचलण्यासारखं नव्हतं. तो तसाच वाकून उभा राहिला.

चष्मेवाला आत आला आणि त्याने दुसरं टोक उचललं.

वहिनींनी घडी मोडली. पांढरं, कोरं कापड पंखाच्या फासळ्यांवरून त्यांनी उलगडत नेलं, सुरकुती हाताने मोडली, कड दुमडली.

“धर इथे,” त्या म्हणाल्या. “घट्ट.”

त्याने कापडाची कड दोन्ही हातांनी धरली. वहिनींनी सुई ओवली आणि पहिला टाका घातला.